आठ पिढ्यांचा कागद: डीएआरची गावातली शाखा नेमकं काय करते?

गेल्या वर्षी न्यू जर्सीतल्या एका न्यायालयात माझ्या मावसबहिणीचा अमेरिकन नागरिकत्वाचा शपथविधी झाला. शपथ घेऊन, प्रमाणपत्र छातीशी धरून ती बाहेर आली, तेव्हा दाराशी एका लहानशा टेबलामागे सत्तरीच्या दोन बायका उभ्या होत्या. टेबलावर वीतभर काठीचे कापडी झेंडे रचून ठेवलेले. प्रत्येक नव्या नागरिकाला त्या एक झेंडा द्यायच्या, हात हातात घ्यायच्या आणि नाव विचारून अभिनंदन करायच्या. एकीच्या छातीवर निळ्या-पांढऱ्या फितीला सोनेरी चाक लटकत होतं आणि फितीवर एकाखाली एक बारीक पट्ट्या लावल्या होत्या. ताईने न राहवून विचारलं, हे चाक कसलं? सूत कातायचं, त्या म्हणाल्या. ताई माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "अगं, चरखा आहे हा!"

पट्ट्यांवर त्या बाईंच्या पूर्वजांची नावं कोरलेली होती. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ज्यांनी भाग घेतला आणि ज्यांच्याशी आपलं रक्ताचं नातं त्यांनी कागदोपत्री सिद्ध केलं, असे पूर्वज. संस्थेचं नाव डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन, थोडक्यात डीएआर. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला हे नाव रस्त्याकडेच्या पितळी पाटीवर, शाळेतल्या निबंध स्पर्धेच्या पत्रकावर, ग्रंथालयातल्या सप्टेंबरच्या प्रदर्शनात कुठे ना कुठे दिसतंच. पण या बायका कोण आणि करतात काय, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. तेव्हापासून मी जे वाचलं आणि पाहिलं, ते इथे सांगते.

सुरुवात एका रागातून

१८८९ मध्ये स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पुरुष वंशजांनी सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी त्यांनी ठरवलं की बायकांना सभासद करायचं नाही. हे वॉशिंग्टनमधल्या मेरी स्मिथ लॉकवूड यांना झोंबलं. १३ जुलै १८९० रोजी वॉशिंग्टन पोस्टमध्ये त्यांचा लेख छापून आला. त्यात त्यांनी हॅना आर्नेट या न्यू जर्सीतल्या बाईची गोष्ट सांगितली. १७७६ च्या अखेरीस, लढाई हरल्यासारखी वाटत असताना, हॅनाच्या घरात जमलेले पुरुष ब्रिटिशांची माफी पदरात पाडून घ्यायच्या विचारात होते. ती आत आली आणि नवऱ्यासकट सगळ्यांना तिने खडसावलं. लॉकवूड यांचा प्रश्न सरळ होता: देशासाठी उभी राहिलेली ही बाई कुणाच्या यादीत बसते?

त्या लेखाला प्रतिसाद आला तो हॅनाच्याच पणतवाकडून, विल्यम मॅकडॉवेल यांच्याकडून. बायकांची वेगळी संस्था उभी करायला मदत करतो, असं त्यांनी कळवलं. ११ ऑक्टोबर १८९० रोजी संस्था स्थापन झाली. मेरी लॉकवूड, मेरी डेशा, एलेन हार्डिन वॉलवर्थ आणि युजेनिया वॉशिंग्टन या चौघी तिच्या संस्थापक मानल्या जातात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलाइन पहिल्या अध्यक्ष झाल्या. १८९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून संस्थेला सनद दिली.

आज सभासद साधारण १,९०,००० आणि शाखा ३,००० च्या आसपास. शाखेला चॅप्टर म्हणतात आणि शाखेच्या प्रमुख बाईला रीजंट. नवी शाखा काढायची तर किमान १२ जणी लागतात. शाखांच्या वर राज्याची संघटना आणि त्याच्या वर वॉशिंग्टनचं मुख्यालय. दरवर्षी उन्हाळ्यात देशभरच्या प्रतिनिधी तिथे अधिवेशनाला जमतात.

आत यायचं कसं

अट ऐकायला सोपी आहे. वय १८ पूर्ण असलेली कोणतीही स्त्री, जिचा थेट पूर्वज स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, म्हणजे एप्रिल १७७५ ते नोव्हेंबर १७८३ या दरम्यान, अमेरिकेच्या बाजूने उपयोगी पडला असेल. "थेट" म्हणजे आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा असं सरळ वर जाणारं नातं. चुलत-मावस चालत नाही, लग्नाने जोडलेलं नातं चालत नाही. म्हणजे या घराण्यात सून म्हणून गेलेली मराठी मुलगी सभासद होऊ शकत नाही. तिच्या पोटची मुलगी मात्र वडिलांच्या बाजूने होऊ शकते.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते: ही तीच वर्षं, जेव्हा आपल्याकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी शरणागती पत्करली. आता कल्पना करा, त्या दिवशी वडगावच्या माळावर मराठी फौजेत असलेल्या एखाद्या साध्या शिलेदाराशी आपलं नातं आज कागदाने सिद्ध करायचं आहे. घरातल्या आठवणी, "आमचे पूर्वज पेशव्यांकडे होते" हे सांगणं बाजूला ठेवायचं. फक्त कागद. डीएआर हेच मागते.

ज्यांनी जात पडताळणीसाठी पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, मोडीतला जुना उतारा शोधत तहसील कार्यालय आणि शाळेच्या दप्तरात दिवस घालवले आहेत, त्यांना या कामाची जात लगेच कळेल. फरक इतकाच की इथे आठ-आठ पिढ्या मागे जावं लागतं. प्रत्येक पिढीतल्या नवरा-बायकोचा जन्म, लग्न आणि मृत्यू कधी व कुठे झाला ते लिहायचं. आणि मुख्य म्हणजे हे मूल याच आई-बापाचं, हा सांधा दर पिढीला पुराव्याने जोडायचा. अलीकडच्या पिढ्यांसाठी सरकारी दाखले मिळतात. त्यापलीकडे मृत्युपत्रं, जमिनीची खरेदीखतं, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या, थडग्यांवरचे लेख. इंटरनेटवर कुणीतरी टाकलेला वंशवृक्ष पुरावा म्हणून धरत नाहीत. शाखेची रजिस्ट्रार नावाची पदाधिकारी अर्जदार बाईला हाताला धरून हे सगळं करून घेते आणि मग वॉशिंग्टनमधल्या तज्ज्ञ अर्जाची ओळ न ओळ तपासतात. त्याच पूर्वजावरून आधी कुणी सभासद झालेली असेल, तर तिच्या अर्जातला सिद्ध झालेला भाग आधाराला घेता येतो, तेवढीच मेहनत वाचते.

वाटेत खाचखळगे पुष्कळ. अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव १८५० पासूनच लिहिलं जाऊ लागलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांचे नुसते आकडे. १८९० ची जनगणना तर १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळीच नष्ट झाली.

या साऱ्यात मला सर्वात जवळचे वाटले ते निवृत्तिवेतनाचे कागद. १८१८ पासून सरकारने जुन्या सैनिकांना पेन्शन द्यायला सुरुवात केली, पण ती गरजूंनाच होती. १८२० मध्ये नियम आला की आपण गरीब आहोत हे मालमत्तेची यादी देऊन दाखवा. म्हणून आज त्या फायली उघडल्या की म्हाताऱ्या शिपायांनी न्यायालयात लिहून दिलेला उभा संसार समोर येतो: एक गाय, एक किटली, काही खुर्च्या, देणं इतकं. पुढे १८३६ मध्ये विधवांनाही पेन्शन लागू झाली. तेव्हा प्रश्न आला लग्नाच्या पुराव्याचा. ज्यांच्याकडे दुसरा कागद नव्हता, अशा कित्येक जणींनी घरच्या बायबलमधलं जन्म-लग्न-मृत्यू लिहिलेलं पान फाडून अर्जाला जोडलं. ती पानं आजही राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या फळीवरचं बायबल, त्यातलं सर्वात जपलेलं पान, आणि ते फाडताना त्या म्हातारीचा हात कसा थरथरला असेल! दोनशे वर्षांनी तिच्या लेकीच्या लेकींना तेच पान दार उघडून देतं.

"उपयोगी पडला" याचा अर्थही रुंद आहे. बंदूक उचललेलीच माणसं मोजत नाहीत. सैन्याला धान्य किंवा गुरं पुरवलेली, स्थानिक समितीत काम केलेली, नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घेतलेली, जखमींची शुश्रूषा केलेली माणसंही धरतात. त्यात बायका आल्या. लुईझियानात स्पॅनिश गव्हर्नर गाल्वेझ यांच्या हाताखाली ब्रिटिशांशी लढलेले लोकही आले. मात्र मध्येच बाजू बदलून ब्रिटिशांना मिळालेला माणूस बाद.

आईच्या आईची आई

आपल्याकडचे कुलवृत्तांत तुम्ही पाहिले असतील. जाडजूड ग्रंथ, मूळ पुरुषापासून सुरू होणारी वंशावळ, आणि ती धावते आडनावामागून. मुलीचं नाव येतं, कुठे दिली ते येतं, आणि तिची ओळ तिथेच संपते.

डीएआरचा अर्ज उलट चालतो. तो स्वतःपासून सुरू होतो आणि वर चढताना आई की बाप, ही निवड प्रत्येक पायरीवर मोकळी असते. सात पिढ्या वर गेलं की कुणालाही १२८ पूर्वज असतात, आठव्या पिढीला २५६. त्यातला एक सापडला तरी पुरे, आणि तो सलग आठ बायकांमधून आलेला असला तरी चालतो. म्हणजे इथे आडनावाला काहीच किंमत नाही. अर्जातला सर्वात अवघड रकानाही तोच: बाईचं माहेरचं नाव. शाखांच्या रजिस्ट्रार महिनोन् महिने खपतात त्या याच एका रकान्यासाठी. कारण जुन्या कागदांत बाई असते ती "अमक्याची पत्नी". ती कुणाची मुलगी, हे सापडतं ते बापाच्या मृत्युपत्रात, जिथे तो लिहितो की माझी अमुक लेक, जी आता अमुक घरी आहे, तिला एक गादी आणि एक गाय द्यावी. त्या एका वाक्यावर दोन घराणी जोडली जातात.

या संस्थेचं सर्वात मोलाचं काम मला विचाराल तर हेच वाटतं. लाखो अर्जांमधून, सामान्य घरांतल्या सामान्य बायकांची माहेरची नावं एकत्र जमली आणि वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात जपली गेली. १८९६ पासून चालत आलेलं ते ग्रंथालय बाहेरच्या अभ्यासकांनाही खुलं आहे.

काळी पानं

याच संस्थेच्या इतिहासात अशी पानं आहेत जी सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९३९ मध्ये कृष्णवर्णीय गायिका मेरियन अँडरसन यांच्या कार्यक्रमासाठी हॉवर्ड विद्यापीठाच्या वतीने डीएआरच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलची मागणी झाली. सभागृहाच्या करारात फक्त गोऱ्या कलाकारांनाच परवानगी होती. नकार आला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. ९ एप्रिल १९३९ ला, ईस्टरच्या रविवारी, अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या आणि समोर ७५,००० माणसं उभी होती. १९४३ मध्ये त्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्येही गायल्या, पण झालेली जखम झालीच.

अपमान सभागृहापुरता नव्हता. कृष्णवर्णीय सैनिकही त्या युद्धात लढले होते, त्यांचे वंशज होते. पण गुलामगिरीत असलेल्या माणसांची नावं १८५० आणि १८६० च्या जनगणनेत जवळजवळ लिहिलीच गेली नाहीत, नुसतं वय, लिंग आणि वर्ण. त्यामुळे १८७० च्या मागे जाताना अशा घराण्यांची वाट भिंतीवर आपटते. ज्यांनी ती भिंत ओलांडून पुरावे आणले, त्यांनाही दार मिळेना. १९७७ मध्ये डेट्रॉईट परिसरातल्या कॅरन बॅचलर फार्मर या कृष्णवर्णीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या सभासद झाल्या. वॉशिंग्टनच्या लीना सँटोस फर्ग्युसन यांचा पूर्वज सिद्ध होता, पण शाखेत यायला लागणाऱ्या शिफारशी मिळत नव्हत्या. त्या वर्षानुवर्षं झगडल्या. १९८४ मध्ये समझोता झाला. त्यात त्यांनी स्वतःपुरतं मागितलं नाही. स्वातंत्र्ययुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचा संस्थेने शोध घ्यावा, ही अट घातली. त्या शोधातून २००८ मध्ये मोठा ग्रंथ निघाला, ज्यात कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन अशा ६,६०० हून अधिक देशभक्तांची नावं आहेत. फर्ग्युसन बाईंचं हे ऋण फार मोठं आहे.

आपल्याशी जोडलेलाही एक धागा इथे आहे. डीएआरने १९२१ पासून नव्या स्थलांतरितांसाठी नागरिकत्वाची पुस्तिका अनेक भाषांत छापून फुकट वाटली. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी व्हायची, अडकून पडलेल्या बायकांना वेळ घालवायला शिवणाचं कापड-दोरा पुरवला. आणि त्याच दशकात येणाऱ्यांच्या संख्येवर कडक मर्यादा घालणाऱ्या धोरणाला पाठिंबाही दिला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस "गोरा" नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. हे दार उघडलं १९४६ च्या कायद्याने. ताईच्या हातात तो झेंडा आला, तोवर इतकं सगळं होऊन गेलेलं होतं.

शाखेचं वर्ष

शाखेच्या सभा बहुधा सप्टेंबर ते मे, महिन्यातून एकदा. जागा ग्रंथालयाची खोली किंवा चर्चचं सभागृह. प्रार्थना, ध्वजाची प्रतिज्ञा, मागच्या सभेचं इतिवृत्त, खजिनदाराचा हिशोब, मग एखादं भाषण आणि घरून करून आणलेला खाऊ. आपल्या महिला मंडळाची सभा पाहिलेल्या कुणालाही इथे परकं वाटणार नाही.

सप्टेंबर धावपळीचा. १७ ते २३ सप्टेंबर हा संविधान सप्ताह. १९५५ मध्ये डीएआरनेच काँग्रेसकडे मागणी केली आणि पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कायद्यावर सही केली. शाखेच्या बायका महापौरांकडून घोषणापत्र घेतात, ग्रंथालयाच्या खिडकीत प्रदर्शन मांडतात, १७ तारखेला घंटा वाजवतात. नंतर शाळांचं काम: इतिहासाची निबंध स्पर्धा, आणि १९३४ पासून चालू असलेला गुड सिटिझन पुरस्कार, जो बारावीच्या मुलामुलींना मिळतो. या दोन्हींसाठी पूर्वज कोण होते, हे कुणी विचारत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा प्लेन्सबरोच्या मराठी मुलांनी जरूर भाग घ्यावा. निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयातली सेवा, झाडं लावणं, पुस्तकं वाटणं हेही वर्षभर चालू असतं.

पण शाखेचा जीव कशात असेल तर तो दगडांत. वॉशिंग्टन शहराची हद्द आखताना १७९१-९२ मध्ये मैलामैलावर ४० दगड रोवले होते. आखणीच्या सुरुवातीला बेंजामिन बॅनेकर हे कृष्णवर्णीय गणिती-खगोलज्ञ त्या चमूत होते. शतकभराने हे दगड शेतांत, अंगणांत हरवू लागले. १९१५ पासून डीएआरच्या शाखांनी एकेक दगड दत्तक घेतला आणि भोवती लोखंडी कुंपण घातलं. ४० पैकी बहुतेक आज जागेवर आहेत. १९२८-२९ मध्ये त्यांनी जुन्या पश्चिमवाटेवर १२ राज्यांत एकसारखे १२ पुतळे उभे केले: बोनेट घातलेली बाई, कडेवर तान्हं, दुसरं पोर घागऱ्याला धरून.

आणि थडगी. शपथविधीतल्या त्याच बाईंच्या आमंत्रणावरून मी एका शनिवारी न्यू जर्सीतल्या जुन्या चर्चच्या आवारात गेले. तांबड्या वालुकाश्माचं थडगं, पापुद्रे सुटलेले, अक्षरं जवळजवळ पुसलेली. मला वाटलं आता खडू फिरवतील. त्यांनी लगेच हात आडवा केला: खडू नाही, ब्लीच नाही, तारेचा ब्रश तर नाहीच. साधं पाणी आणि मऊ ब्रश. मग एकीने आरसा तिरपा धरून उन्हाचा कवडसा दगडावर आडवा सोडला. सावल्या पडल्या आणि कोऱ्या वाटणाऱ्या दगडातून अक्षरं वर आली. आधी वर्ष, मग नाव, आणि खाली एका ओळीत बायकोचं नाव. दुसरीने ते वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, चुकीच्या स्पेलिंगसकट. थडग्याशेजारी शाखेची कांस्याची खूण बसायची, तर आधी चर्चची परवानगी लागते, आणि या माणसाची सेवा पुराव्याने सिद्ध असावी लागते. ४ जुलै २०२६ च्या अडीचशेव्या वर्षासाठी देशभरच्या शाखांनी अशी पुष्कळ कामं हाती घेतली.

परतताना त्या बाईंनी मला त्यांचा कोरा नमुना अर्ज दिला, सरावाला म्हणून. आमचा पूर्वज त्यात बसणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. घरी आल्यावर मी आणि माझ्या लेकीने तो भरायला घेतला. लेक, मी, आई, आजी. आजीचं माहेर सांगलीजवळचं, तिचं आडनाव माहीत होतं. आजीच्या आईपाशी थांबलो. तिचं सासरचं नाव लक्ष्मीबाई. माहेरचं नाव? मी आईला पुण्याला फोन लावला. आई म्हणाली, "थांब, नानामामांना विचारते. त्यांच्या मुंजीच्या पत्रिकेत आजोळचं आडनाव असेल."